लंब टाका आणि मग पायथागोरस लावा

प्रश्न : मुलीला एक त्रिकोण दिला होता, बाजू १३, १४ आणि १५, आणि क्षेत्रफळ काढायचं होतं. तिने १३ गुणिले १४ भागिले २ करून ९१ काढलं, पुस्तकात मागे उत्तर ८४ आहे. मी म्हटलं पायथागोरस लावून बघ, तर १३ आणि १४ च्या वर्गांची बेरीज ३६५ येते आणि १५ चा वर्ग २२५, म्हणजे तेही जुळेना. आता ती विचारते, हा नियम एकाच जातीच्या त्रिकोणाला चालतो तर बाकीच्यांचं काय करायचं? मला उत्तर देता आलं नाही. – एक आई

उत्तर : मुलीने विचारलंय ते फार योग्य विचारलंय. १३ गुणिले १४ भागिले २ हे क्षेत्रफळ तेव्हाच बरोबर असतं जेव्हा त्या दोन बाजू एकमेकींशी काटकोन करतात, आणि इथे त्या करत नाहीत हे तुम्ही स्वतःच शोधून काढलंय की. ३६५ आणि २२५ जुळले नाहीत म्हणजे आकडेमोड चुकली असं नाही, या त्रिकोणात त्या जागी काटकोन नाही एवढाच त्याचा अर्थ.

आधी नियम का मोडतो ते बघू. एका टोकाला स्क्रूने जोडलेल्या दोन पट्ट्या डोळ्यासमोर आणा, एक १३ ची आणि एक १४ ची. पूर्ण मिटल्या तर मोकळ्या टोकांमधलं अंतर १, पूर्ण ताणून सरळ केल्या तर २७. म्हणजे तिसरी बाजू १ आणि २७ च्या मधे काहीही असू शकते, सगळं पट्ट्या किती उघडल्या त्यावर. उघडता उघडता एका क्षणी बरोब्बर काटकोन होतो, तेव्हा तिसरी बाजू ३६५ चं वर्गमूळ म्हणजे साधारण १९.१ असते, आणि पायथागोरस बोलतो तो फक्त त्या एका क्षणाबद्दल. आपली तिसरी बाजू १५ आहे, १९.१ पेक्षा बरीच कमी, म्हणजे पट्ट्या काटकोनापर्यंत उघडलेल्याच नाहीत.

मग बाकीच्या त्रिकोणांचं काय, तर त्यांच्यात काटकोन नसेल तर आपण तयार करायचा. १४ ची बाजू पाया म्हणून आडवी काढा आणि वरच्या टोकातून तिच्यावर लंब टाका. झालं, एका त्रिकोणाचे दोन काटकोन त्रिकोण झाले, एकाचा कर्ण १३, दुसऱ्याचा १५, आणि उभी बाजू दोघांची एकच. आता पायथागोरस दोन्हीकडे हक्काने लावता येतो.

लंब पायाला कुठे टेकतो ते माहीत नाही, म्हणून १३ च्या बाजूचा तुकडा क्ष धरू, मग दुसरा तुकडा १४ − क्ष. उंचीचा वर्ग एकीकडून १६९ − क्ष², आणि दुसरीकडून २२५ वजा (१४ − क्ष) चा वर्ग. उंची एकच आहे त्यामुळे दोन्ही सारखे ठेवायचे. कंस सोडवला की उजवीकडे २२५ − १९६ + २८क्ष − क्ष² येतं, दोन्हीकडचा क्ष² उडतो आणि उरतं १६९ = २९ + २८क्ष, म्हणजे क्ष = ५. उंचीचा वर्ग १६९ − २५ = १४४, उंची १२. क्षेत्रफळ १४ गुणिले १२ भागिले २, ८४. पुस्तक बरोबर आहे.

तो क्ष² उडाला ना, तिकडे मुलीचं लक्ष वेधा. आकडे सोयीचे दिले होते म्हणून तो उडाला असं तिला वाटेल, पण तो कुठल्याही त्रिकोणात उडतोच, कारण दोन्ही बाजूंना तो सारख्याच रूपात येतो. त्यामुळे वर्गसमीकरण सोडवायची वेळच येत नाही, नेहमी साधं एका पायरीचं समीकरण उरतं, आणि तीन बाजू माहीत असलेला कुठलाही त्रिकोण या पद्धतीने सुटतो.

हे काही मी शोधलेलं नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) ही रीत रेडीमेड दिलेली आहे आणि तिथलं उदाहरण चक्क हेच आहे, पाया १४, भुजा १३ आणि १५. पायाच्या त्या दोन तुकड्यांना ते आबाधा म्हणतात. रीत अशी की दोन भुजांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी, भागिले पाया. इथे २८ गुणिले २ भागिले १४, उत्तर ४. हे ४ पायात मिळवून अर्धं करा, ९, पायातून वजा करून अर्धं करा, ५. दोन्ही तुकडे हातात. वर आपण क्ष मांडून जे केलं तेच हे, फक्त समीकरण एकदाच सोडवून कायमचं नियमात बांधून टाकलंय. मला विचाराल तर मुलीला आधी क्ष वाली पद्धत करू दे आणि ती दोन-तीनदा जमली की मगच हा शॉर्टकट सांगा, नाहीतर तोही पाठ करायचा अजून एक फॉर्म्युला होऊन बसेल आणि परीक्षेत बेरीज की वजाबाकी यात घोळ होईल.

प्रश्न : लंब टाकला की पाया अर्धा होतो असं आम्हाला शिकवलंय, म्हणजे पायाचं अर्ध घ्यायचं आणि पायथागोरस लावायचा. हे सगळ्या त्रिकोणांना चालतं का? – शाळेतला एक वाचक

उत्तर : नाही चालत! हे फक्त समद्विभुज त्रिकोणात चालतं, आणि तेही सारख्या दोन बाजू जिथे भेटतात त्या टोकातून लंब टाकला तरच. १०, १०, १२ चा त्रिकोण घे. १२ चं अर्ध ६, १०० − ३६ = ६४, उंची ८. मस्त. समभुज हाही समद्विभुजच, त्यामुळे तिथेही चालतं, बाजू २ असेल तर अर्ध १, उंची ३ चं वर्गमूळ.

पण तीनही बाजू वेगळ्या असतील तर हे करू नकोस. वरच्याच १३, १४, १५ मधे करून बघ. १४ चं अर्ध ७. १३ च्या बाजूने उंचीचा वर्ग १६९ − ४९ = १२०, १५ च्या बाजूने २२५ − ४९ = १७६. एकाच लंबाच्या दोन उंच्या आल्या, म्हणजे कुठेतरी गडबड आहे. गोची अशी की बहुतेक जण एकाच बाजूने उंची काढतात आणि पुढे जातात, दुसऱ्या बाजूने तपासतच नाहीत, त्यामुळे चूक दिसत नाही. वही उघडून दुसऱ्या बाजूने तपासायची सवय लाव, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पायाच्या मध्याला वरच्या टोकाशी जोडणारी रेषा असतेच, पण ती मध्यगा, ती लंब नसते. तिची लांबी काढायला अपोलोनियसचा सिद्धांत आहे : दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज म्हणजे मध्यगेच्या वर्गाची दुप्पट अधिक अर्ध्या पायाच्या वर्गाची दुप्पट. १६९ + २२५ = ३९४, त्यातून ९८ वजा केले की २९६, त्याचं अर्ध १४८. आता वर जे दोन चुकीचे उंचीचे वर्ग आले होते, १२० आणि १७६, त्यांची सरासरी काढ. १४८! चुकीच्या दोन उत्तरांच्या बरोबर मधे मध्यगा बसलेली आहे आणि हे कुठल्याही त्रिकोणात असंच होतं. मध्यगा साधारण १२.१७ आणि लंब १२, इतके जवळ आहेत म्हणून आकृतीत नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही.

प्रश्न : लंब पायाच्या बाहेर पडला तर? माझा त्रिकोण ९, १०, १७ चा आहे, ९ हा पाया. क्ष काढला तर ऋण येतो, −६. बाजू ऋण कशी असेल? – कॉलेजची तयारी करणारी

उत्तर : तुझं गणित बरोबर आहे, कुठेही चुकलेली नाहीस. ९ आणि १० मधला कोन विशालकोन आहे, त्यामुळे वरच्या टोकातून सरळ खाली आलो तर आपण पायावर पडतच नाही, पाया त्या कोपऱ्याच्या पलीकडे वाढवावा लागतो. तो वाढवलेला भाग ६. ऋण चिन्ह एवढंच सांगतंय की लंबाचं टोक तू धरलेल्या दिशेच्या उलट बाजूला आहे.

आकृती काढ, पाया ९, तो ६ ने वाढवला की एकूण १५. मग छोटा काटकोन त्रिकोण ६, ८, १० चा आणि मोठा ८, १५, १७ चा. उंची ८. क्षेत्रफळ ९ गुणिले ८ भागिले २ = ३६, पाया ९ च धरायचा, १५ नाही, इथे खूप जण घसरतात. मोठ्यातून छोटा वजा केला तरी तेच : ६० − २४ = ३६.

हाही त्रिकोण लीलावतीतलाच निघाला बरं का, तुझ्या पुस्तकाने कुठून घेतला ते कळलं. भास्कराचार्यांच्या रीतीने कर, २७ गुणिले ७ भागिले ९ = २१, आणि ९ मधून २१ वजा केले की −१२, अर्ध −६. बाराव्या शतकात त्यांनी ऋण आबाधा स्वीकारली आणि ती उलट दिशेला घ्यायची असं स्पष्ट सांगितलं, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात भारी वाटतं. ऋण संख्या म्हणजे काहीतरी भानगड असं युरोपातले कित्येक गणिती त्यानंतरही काही शतकं मानत होते.

यावरून अजून एक करून बघ. कर्ण १३ आणि १५ असलेले तेच दोन काटकोन त्रिकोण, ५-१२-१३ आणि ९-१२-१५, पाठीला पाठ लावून जोडले तर पाया ९ + ५ = १४. आणि एकावर एक ठेवून मोठ्यातून छोटा कापून टाकला तर पाया ९ − ५ = ४. म्हणजे ४, १३, १५ हाही त्रिकोण आहे, उंची तीच १२, क्षेत्रफळ २४. दोन बाजू त्याच, उंची तीच, तरी त्रिकोण दोन. म्हणून कुणी नुसतं 'बाजू १३ आणि १५, उंची १२, पाया काढा' असं विचारलं तर आधी विचार की लंब आत पडतोय का बाहेर, त्याशिवाय उत्तर देता येत नाही.

प्रश्न : तीन बाजू बघून त्रिकोण कुठल्या प्रकारचा ते पटकन कसं ओळखायचं?

उत्तर : सगळ्यात मोठी बाजू बाजूला काढा, तिचा वर्ग करा, उरलेल्या दोघींच्या वर्गांच्या बेरजेशी तुलना करा. सारखा आला तर काटकोन, कमी आला तर लघुकोन, जास्त आला तर विशालकोन. ६, ८, ९ लघुकोन कारण ८१ हे १०० पेक्षा कमी, ६, ८, ११ विशालकोन कारण १२१ जास्त.

दोन ठिकाणी फसाल. एक, मोठी बाजू सोडून भलतीच घेतली तर तुलना काहीच सांगत नाही. दुसरं, आधी त्रिकोण होतो का ते बघा. २, ३, ६ ला ही टेस्ट लावली तर ती बिनदिक्कत विशालकोन म्हणेल, ३६ हे १३ पेक्षा जास्त आहेत ना, पण २ आणि ३ मिळून ६ पर्यंत पोचतच नाहीत, त्रिकोणच होत नाही.

प्रश्न : मग कोसाइन रूल वेगळा कशाला शिकायचा? त्यात तर पायथागोरससारखंच दिसतं आणि शेवटी एक शेपूट जोडलेलं असतं. – तीच, कॉलेजची तयारी करणारी

उत्तर : ते शेपूट कुठून आलं ते एकदा बघितलंस की पाठ करावं लागणार नाही. परत १३-१४-१५. १५ चा वर्ग म्हणजे उंचीचा वर्ग अधिक (१४ − ५) चा वर्ग. उंचीचा वर्ग = १३ चा वर्ग − ५ चा वर्ग. हे आत टाक आणि कंस सोडव, ५ चा वर्ग एकदा अधिक एकदा वजा होऊन जातो, उरतं १४ चा वर्ग + १३ चा वर्ग − २ गुणिले १४ गुणिले ५. म्हणजे ३६५ − १४० = २२५. पहिल्या प्रश्नातल्या मुलीला ३६५ आणि २२५ मधे जो १४० चा फरक पडला होता तो हाच : पायाची दुप्पट गुणिले १३ च्या बाजूची पायावर पडलेली सावली. ९-१०-१७ मधे सावली बाहेर पडते म्हणून तिथे वजाऐवजी अधिक : ८१ + १०० + २ × ९ × ६ = २८९, १७ चा वर्ग.

ग्रीक गणिती युक्लिडने हे दोन्ही प्रकार त्याच्या एलिमेंट्स या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सिद्ध केलेत, विशालकोनाचा १२ वा सिद्धांत आणि लघुकोनाचा १३ वा, इ.स.पू. ३०० च्या सुमाराला, आणि त्यात कोसाइन कुठेही नाही, नुसते चौरस आणि आयत. कोसाइन आला तो त्या ५ ला नाव द्यायला. ५ म्हणजे १३ गुणिले ५/१३, आणि ५/१३ म्हणजे १३ आणि १४ मधल्या कोनाचा कॉस (कोसाइन), म्हणजे शेपूट झालं दोन बाजूंच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले कॉस. काटकोनात सावली शून्य, कॉस शून्य, शेपूट गळून पडतं. विशालकोनात कॉस आपोआप ऋण होतो त्यामुळे दोन वेगळे नियम लागत नाहीत, वेगळा शिकायचा तो एवढ्यासाठी. आणि हो, जेव्हा दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन दिलेला असतो तेव्हा तिसरी बाजू एका ओळीत येते. फ्रान्समधे या नियमाला अल-काशीचा सिद्धांत म्हणतात, पंधराव्या शतकात समरकंदला काम केलेल्या गणितीच्या नावावरून.

काही कोनांना तर कॅल्क्युलेटरही नको. ६० अंशाचा कॉस अर्धा, म्हणून शेपूट म्हणजे नुसता दोन बाजूंचा गुणाकार. ५ आणि ८ मधे ६० अंश असतील तर २५ + ६४ − ४० = ४९, तिसरी बाजू ७. १२० अंशाला तोच गुणाकार मिळवायचा : ३ आणि ५ मधे १२० अंश, ९ + २५ + १५ = ४९, परत ७.

कॅल्क्युलेटर वापरशीलच तर डिग्री मोड बघ आधी. रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) राहिला असेल तर ५, ८ आणि ६० ला ७ ऐवजी १२.८५ उत्तर येतं, आणि ते ५ + ८ पेक्षा कमी असल्यामुळे त्रिकोण होतोच, संशयच येत नाही. संशय यायला हवा, कारण कोन काटकोनापेक्षा लहान आहे तर तिसरी बाजू ८९ च्या वर्गमूळापेक्षा, म्हणजे साधारण ९.४ पेक्षा लहानच असायला पाहिजे. पायथागोरस असा सीमारेषा म्हणून पण वापरता येतो.

प्रश्न : तीन बाजू मोजल्या की हेरॉनचा फॉर्म्युला वापरून थेट क्षेत्रफळ मिळतं. मग एवढा लंबाचा खटाटोप का?

उत्तर : फक्त क्षेत्रफळ हवं असेल तर नका करू खटाटोप. १३ + १४ + १५ = ४२, अर्ध २१, त्यातून एकेक बाजू वजा केली की ८, ७, ६, मग २१ × ८ × ७ × ६ = ७०५६, वर्गमूळ ८४, संपलं. तो फॉर्म्युला सिद्ध करायलाही आतून हाच लंब आणि हाच पायथागोरस चालतो हा भाग वेगळा. पण उंची हवी असेल, किंवा लंब पायावर नेमका कुठे टेकतो ती खूण करायची असेल, तर आबाधाच काढाव्या लागतात.

प्रत्यक्ष मोजमाप करत असाल तर एक सांभाळा, चपट्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ नुसत्या बाजू मोजून काढू नका, मग फॉर्म्युला कुठलाही असो. १०, १०, १९.९ चं क्षेत्रफळ ९.९४ येतं. तिसरी बाजू मोजताना जराशी चूक होऊन १९.८ धरली तर १३.९७. बाजूत अर्ध्या टक्क्याची चूक आणि क्षेत्रफळात चाळीस टक्क्यांचा फरक! अशा वेळी टेप घेऊन उंचीच थेट मोजावी हे उत्तम.

प्रश्न : काटकोन आहे तरीही पायथागोरस लागू होत नाही, असं कधी होतं का?

उत्तर : सपाट कागदावर नाही, गोलावर होतं. उत्तर ध्रुवावरून दोन रेखावृत्तं ९० अंशांच्या अंतराने विषुववृत्तापर्यंत आणा. तयार झालेल्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन आणि तिन्ही बाजू जवळजवळ १०,००० किलोमीटर (१७९० च्या दशकात फ्रान्समधे मीटर ठरवला तोच मुळी ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून). पायथागोरस लावला तर तिसरी बाजू १४,१४२ यायला हवी, पण ती आहे १०,००० च. पण त्रिकोण लहान असेल तर हा फरक जवळपास नाहीसा होतो. ३ आणि ४ किलोमीटरच्या बाजू काटकोनात घेतल्या तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ५ किलोमीटरच्या कर्णात पडणारा फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो.